उजवीकडे, वरच्या फळीवर

१२ सप्टेंबर

अंझिरत,

हे पत्र तू फाडशील हे धरूनच लिहिते आहे. फोनवर तू मला बंद करून ठेवले आहेस. तुझ्या मुलाकडे निरोप दिला तर तो "सांगतो, खोला" म्हणतो, मावशीला खोला म्हणण्यापुरता गोड, आणि सांगत नाही. पत्राला निदान पाकीट तरी फोडावे लागते. फोडले असशील तर वाच. मी पाल्हाळ लावणार नाही.

सलोमत परवा कापड घेऊन आली होती. मुनिसचे. तुझ्या नातीला पाच वर्षे पुरी होऊन वर सात महिने झाले आणि तिच्या रुखवताच्या भरतकामावर, सुझनीवर, अजून एक रेघ पडलेली नाही. पहिली सुझनी आईकडच्यांनी रेखाटायची, ही रीत मी तुला शिकवायला नको. आईकडचे म्हणजे तू आणि मी. तू तिकडे रशियात, येकातेरिनबुर्गला बसली आहेस, मी इथे. सलोमतची जीभ तुला ठाऊक आहे. ती तुझ्या शाहलोची सासू, म्हणून तू तिला दोन वर्षे ऐकलेस, मी सात वर्षे ऐकते आहे.

"नक्षी काढणारी कलमकश घरात, आणि पोरीचं कापड कोरं," ती म्हणाली. "आधीच आई नाही बिचारीला. आता आजी-मावशीनंही टाकली म्हणायचं का लोकांनी?"

"ठेव तिथे," मी म्हटले.

"ठेवते. पण उंदरांनी कुरतडायच्या आधी बघ म्हणजे झालं."

ते कापड अजून तिथेच आहे. मी रेखाटू शकत नाही, अंझिरत. गावात मी डोळ्यांचे कारण सांगते. डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. वर्तुळे येतात, वेल येतो, कडेची फुले येतात. खालच्या डाव्या कोपऱ्याशी आले की हात थांबतो. कापत नाही, दुखत नाही. अडेल बैलासारखा नुसता थांबतो. साडेपाच वर्षांत अकरा नवऱ्या मुलींची कापडे मी अर्धवट रेखाटून परत केली. आईने मला कलम दिली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर हात असा कधी अडला नव्हता, बुखाऱ्याला कॉलेजात असतानासुद्धा नाही.

तो कोपरा कुठला हे तू ओळखलेच असशील. त्या पानाबद्दल मला पुन्हा वाद घालायचा नाही. शाहलोच्या सुझनीत तू रीतीप्रमाणे एक पान न भरता सोडलेस, घरातली लग्ने संपू नयेत आणि मुलीचे आयुष्य पुरे होऊ नये म्हणून. लग्नाच्या आदल्या दुपारी मी ते भरले. ताश्कंदची माणसे येणार होती, त्यांनी भिंतीवर अर्धे काम पाहावे हे मला पटले नाही. एकतीस वर्षे मी चित्रकला आणि भूमिती शिकवली. कोरा प्रश्न सोडलेली उत्तरपत्रिका मला कधी सहन झाली नाही. पंधरा महिन्यांनी शाहलो बाळंतपणात गेली. चाळिसाव्या दिवशी तू सुझनी उलगडलीस आणि उलटा टाका ओळखलास, कारण गावात डावखुरी मी एकटी. सगळ्या बायकांसमोर थोरल्या बहिणीला म्हणालीस, "ओपा, तू माझ्या लेकीला शिवून बंद केलंस."

मुलगी रक्तस्रावाने गेली. रेशमाने नाही. तेव्हाही मी हेच सांगितले होते.

वाद घालायचा नाही म्हटले आणि घातलाच. असो.

मी नवोईला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाई कसली, आपली बारनो, गवंड्याची धाकटी. आठवते? पाचवीत होती. वर्तुळ काढता येत नव्हते म्हणून मी तिला तासभर उभी केली होती. आता मनाचे आजार बघते, ताश्कंदला शिकून आली आहे. मी आत गेले तर उठून उभी राहिली.

"बस," मी म्हटले, "आता तू मला उभी करायचीस."

"मुअल्लिमा, मी तुम्हाला बसवणारच आहे. आणि बोलायलाही लावणार नाही."

हे मला आवडले. बोलायला लावणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आहे.

तिच्याकडे एक बारीक कांडी आहे, टोकाला लाल मणी. कानाला यंत्र लावते, त्यात पाण्यासारखा आवाज या कानातून त्या कानात जातो. मग ती कांडी डोळ्यांसमोर हळूहळू फिरवते. डावीकडे, मधे, उजवीकडे, वर, खाली. तिचे म्हणणे, मनात जे अडकून बसते ते अंगातही कुठेतरी धरलेले असते, आणि डोळे एका ठराविक जागी टेकले की ते जागे होते. जागा प्रत्येकाची वेगळी. ती सापडली की तिथेच बघत राहायचे आणि अंगात काय होते ते पाहायचे. एवढेच. मी विचारले, यात औषध कुठले? म्हणाली, "बघणं." एकतीस वर्षे मी फळ्यावर पट्टी दाखवून "इकडे बघा" म्हणत आले, त्याचे कोणी मला औषधाचे पैसे दिले नाहीत.

पहिल्या दिवशी काहीच झाले नाही. खालच्या डाव्या कोपऱ्याकडे मी मुद्दाम बघून घेतले. तिथे काही नव्हते.

रिसोलत


३ ऑक्टोबर

अंझिरत,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण पाकीट परत आले नाही, म्हणजे निदान तुझ्या घरात गेले.

दुसऱ्यांदा जाऊन आले. बस दीड तास घेते, शेजारी एक माणूस खरबुजांची पोती घेऊन बसला होता, त्याने सबंध वाट मला त्याच्या सुनेबद्दल सांगितले. मी मान हलवत राहिले. घरी कोणी काही सांगत नाही, म्हणून असे ऐकून घेण्याचीही सवय मोडते.

बारनोने कांडी धरली. म्हणाली, "कापडापुढे हात थांबतो ना, ते आठवा. दहापैकी किती जड वाटतं?"

"गुण मी देते, घेत नाही."

"आज द्या स्वतःला."

"चार," मी म्हटले. उगाच.

कांडी फिरली. डावीकडे चार, मधे चार. मी तिला म्हणणारच होते की बाळ, तुझा वेळ फुकट जातो आहे. कांडी उजवीकडे वर गेली. माझ्या पापण्या फडफडल्या म्हणे. मला कळले नाही, तिला दिसले. तिने मणी तिथेच थांबवला. माझा डावा हात गार पडला, बोटांपासून कोपरापर्यंत, हौदात घातल्यासारखा.

"आता किती?"

"नऊ."

"काही दिसतंय? सांगायलाच हवं असं नाही."

"फळी," मी म्हटले. "चहाच्या वाट्यांची फळी. माझ्या घरातली."

"बरं. तिच्याकडेच बघा."

मी पाच मिनिटे बघितले असेल. नंतर यंत्र काढून ठेवले आणि म्हटले, पुढची बस चुकेल. बस चुकणार नव्हती. एक तास मी थांब्यावर उभी होते.

वाट्यांच्या फळीवर काय आहे? सहा निळ्या वाट्या, आईची एक टवका उडालेली, मागे लग्नपत्रिका खोचलेल्या. तुला ती फळी पाठ आहे. कोपऱ्यातल्या पानाशी तिचा काय संबंध? मी बारनोला तसे म्हणाले. ती म्हणाली, "मुअल्लिमा, संबंध डोळ्यांना ठाऊक असतो, आपल्याला मागून कळतो." शाळेतही अशीच होती. उत्तर चुकले तरी आवाज ठाम.

मुनिस रोज येते. माझ्याकडचे रंगीत खडू संपवते आणि जाते. हसताना शाहलोसारखी दिसत नाही. रागावली की दिसते.

रिसोलत


२४ ऑक्टोबर

अंझिरत,

दोनदा जायचे ठरले होते, गेले नाही. पहिल्यांदा गुडघे दुखतात असे कळवले, दुसऱ्यांदा काहीच कळवले नाही. बारनोने फोन केला. मी उचलला नाही.

घरात एक बदल केला आहे. ती फळी काढली. खिळे उपटले, वाट्या पेटीत ठेवल्या, भिंतीला चुना दिला. सलोमत आली तर म्हणाली, "काय गं, नवरा आणतेस की काय या वयात? भिंती रंगवतेस!"

"ओल आली होती."

"ओल? आपल्या गावात? इथे विहिरीत पाणी नाही आणि तुझ्या भिंतीत ओल!" मग माझ्या तोंडाकडे पाहून गप्प झाली. सलोमत गप्प झाली हे तुला पत्राने कळवण्यासारखेच आहे. चहा घेतला. जाताना कापडावर हात फिरवून म्हणाली, "मी शिवणाऱ्या बायकांना थांबवून ठेवलंय, रिसोलत. थंडी पडायच्या आत दे. नाही जमणार तर तसं सांग, मी नुरोत्याहून दुसरी कलमकश आणते. पण मग पोरीला मोठी झाल्यावर तूच सांग, का ते."

दुसरी आणू दे, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले होते. म्हणवले नाही.

काल रेखाटायला बसले. फळी नाही, भिंत पांढरी आहे. तरी मान आपोआप उजवीकडे वर जाते आणि हात थांबतो. कोपऱ्यामुळे हात थांबतो असे मला इतकी वर्षे वाटत होते. तसे नाही. तो कोपरा रेखाटताना माझे तोंड भिंतीकडे होते आणि नजर वर उचलली की समोर ती फळी, एवढेच.

हे पत्र टाकावे की नाही ते ठरत नाही. यात काहीच नाही. टाकते.

रिसोलत


३१ ऑक्टोबर

अंझिरत,

बसून वाच.

सोमवारी मी बारनोकडे गेले. ती रागावली नाही. मणी उजवीकडे वर धरला आणि काहीच विचारले नाही. मी चाळीस मिनिटे तिथे बघत बसले. रडले नाही. अंग थरथरत होते, बसच्या इंजिनाजवळ बसावे तसे. ती एवढेच म्हणत होती, "मी इथे आहे." शेवटी मी म्हटले, "मला एक पत्र लिहायचे आहे." ती म्हणाली, "मग लिहा."

मी तुला सांगितले होते की कळा सुरू झाल्याबरोबर आम्ही दवाखान्यात निघालो. ते खोटे आहे.

कळा सकाळी सहाला सुरू झाल्या. आम्ही अकरा वाजून पाच मिनिटांनी निघालो.

आता कारण सांगते. कारण सांगणे म्हणजे सुटका मागणे नव्हे, पण तुला ते माहीत असावे. पहिले बाळंतपण माहेरी, तू नव्हतीस, म्हणून शाहलो माझ्याकडे होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या पोटात दुखले तेव्हा मी तिला घाईने नुरोत्याला दवाखान्यात नेले होते. सुईणीने पाहिले आणि हसली. "मुअल्लिमा, तुम्हीसुद्धा? या पोरी घाबरतात, तुम्ही तरी!" बाहेर बसलेल्या बायकाही हसल्या. त्यांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी. परत येताना गाडीत मी शाहलोशी बोलले नाही. या खेपेला हसू करून घ्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. एका मुलीच्या जिवापुढे मी माझी अब्रू सांभाळत होते, हे तेव्हा मला असे दिसले नाही. तेव्हा मला ते शहाणपण वाटले.

नऊला ती म्हणाली, "खोला, हे बरोबर नाही. पोट दगडासारखं झालंय." मी म्हटले, "पहिलटकरणीला वेळ लागतो. चाल थोडी." ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग तिने फोन घेतला. "ओयीला लावते," म्हणाली. मी तिच्या हातातून तो काढून घेतला. म्हटले, तुझी आई बेकरीत पाळीवर असेल, भट्टीशी उभी असेल, घाबरून हात भाजून घेईल. संध्याकाळी तिला एकदम गोड बातमी दे. फोन मी वरच्या फळीवर ठेवला, वाट्यांच्या मागे. तिचा हात तिथे पोचत नव्हता. तिने एकदा वर बघितले. मागितला नाही. ती माझ्याकडून कधीच काही मागत नसे, मी तिला तसेच वळण लावून ठेवले होते.

अकराला ती उठायला गेली आणि रक्ताने भिजलेली गादी दिसली. मग मी शेजारची गाडी बोलावली. दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. मुनिसला डॉक्टरांनी जिवंत काढले. शाहलो दुपारी तीनला गेली. मी डॉक्टरांना विचारले, लवकर आणली असती तर? ते कागदावर लिहीत होते. म्हणाले, "आता विचारून काय उपयोग?" मी ते उत्तर घडी घालून ठेवून दिले.

चाळिसाव्याला तू पानावरून माझ्यावर धावलीस, तेव्हा, अंझिरत, मला हायसे वाटले. हे लिहायला सगळ्यात जड गेले. तू मला अशा गोष्टीचा दोष दिलास जी मी शिकलेल्या बाईसारखी हसण्यावारी नेऊ शकत होते. पाच वर्षे मी तुझ्याशी पानावरून भांडले, कारण पानावर मी जिंकत होते. गावाने तुला खुळी म्हटले. मी म्हणू दिले.

क्षमा मागत नाही. ती देण्याचे ओझे तुझ्यावर का टाकू? तुला माहीत असावे, एवढेच.

रिसोलत


२० नोव्हेंबर

अंझिरत,

तू पत्र लिहू नकोस म्हणालीस. हे शेवटचे. आणि हे लिहिणे मला भाग आहे.

तू फोन केलास तेव्हा मी अंगणात सरपण रचत होते. तुझे नाव फोनवर दिसले तर मला वाचताच येईना. तू "ओपा" म्हणालीस. तुझ्या मागे भांडी वाजत होती. मग म्हणालीस, "किती वाजता काढून घेतलास?"

"नऊला. नऊ वाजून काही मिनिटं."

"नऊला आमची चहाची सुट्टी असते. भट्टीशी नसतेच मी नऊला. फोन समोर टेबलावर असतो, ओपा. तुझं-माझं घड्याळ एकच आहे."

मी हातातले सरपण खाली ठेवले.

"तू मला खुळी ठरवलंस. सगळ्या गावात. मी रोज रात्री ते पान उसवत होते मनात, माहितीये तुला? की मीच ते आधी बघितलं असतं, मीच उसवलं असतं..."

"माहीत नव्हतं."

"नसेलच. तुला शाळेतलं सगळं माहीत असतं." मग तू विचारलेस, "ती मला काय सांगणार होती?"

आणि मी म्हटले, "ते मला माहीत नाही."

"आता पत्र लिहू नकोस," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्याआधीच्या गोष्टी उरकून घेते. मुनिसची सुझनी रेखाटून झाली. तुला पत्र टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी बसले आणि संध्याकाळच्या आत चारही कोपरे पुरे झाले. हात थांबला नाही. मला वाटले होते आनंद होईल. कलम खाली ठेवली आणि नुसती बसून राहिले. सांगायला घरात कोणी नव्हते. सलोमतने दुसऱ्या दिवशी कापडाच्या टाचलेल्या पट्ट्या उसवून चार बायकांत वाटल्या. कुठले पान भरायचे आणि कुठले नाही ते त्या ठरवतील. माझे काम रेघेपर्यंत. सलोमतलाही मी सगळे सांगितले, तू वाचलेस त्याच शब्दांत. ती उठून गेली. चार दिवस मुनिसला पाठवले नाही. पाचव्या दिवशी पाठवले. स्वतः अजून येत नाही. बारनो म्हणते अजून काही दिवस या. जाईन. आता ती कांडी धरते तेव्हा फळी दिसत नाही, शाहलोचे तोंड दिसते. तिच्या मते ही सुधारणा आहे.

आता ते.

मी तुझ्याशी पुन्हा खोटे बोलले. फोनवर, इतके सगळे कबूल केल्यावर. ती काय विचारणार होती ते मला माहीत आहे. तिने ते मोठ्याने म्हटले होते.

ती म्हणाली, "ओयीला एवढंच विचारते, माझ्या वेळी तिलाही असंच दुखलं होतं का. मधे थांबतच नाहीये, खोला. थांबतं ना मधे?"

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटले, "सगळ्यांना असंच दुखतं."

माझ्या पोटी कधी मूल राहिले नाही. तुला तीन झाली. तू म्हणाली असतीस, नाही गं, मधे थांबतं, ऊठ, ओपाला सांग गाडी बोलवायला. प्रश्न तुला होता. उत्तर मी दिले.

रिसोलत